खरेदीखतातील निर्बंध (निवृत्तांच्या वसाहती, अमेरिका)

खरेदीखतातील निर्बंध म्हणजे स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाबरोबर नव्या मालकाकडे आपोआप जाणारी, जमिनीच्या वापरावरील नोंदणीकृत बंधने. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा व कॅलिफोर्निया या राज्यांत, निवृत्तांसाठी वसवलेल्या वसाहतींचा सारा डोलारा या बंधनांवर उभा आहे. घराचा बाहेरील रंग, अंगणातील हिरवळ, कुंपणाची उंची, पाहुण्या नातवंडांच्या मुक्कामाचे दिवस आणि मुख्य म्हणजे रहिवाशांचे किमान वय या गोष्टी ती ठरवतात. ही बंधने विकसक पहिली घरे विकण्यापूर्वीच लिहून नोंदवतो; ती पाळून घेण्याचे काम मात्र विकसक निघून गेल्यावर तेथील रहिवाशांवर येते. नियम कोणाला लावले व कोणाला लावले नाहीत असे झाले, तर न्यायालय ते राबवण्यास नकार देऊ शकते. आणि वयाच्या अटीकडे दुर्लक्ष झाले, तर निवृत्तांची वसाहत हा कायदेशीर दर्जाच धोक्यात येतो. या दुहेरी धाकामुळे अशा वसाहतींतील अंमलबजावणी बाहेरच्या माणसाला अनेकदा क्षुल्लक गोष्टींबाबत अतिकठोर वाटते.

निर्बंधांचे स्वरूप

वसाहतीचा आराखडा मंजूर झाला की विकसक काउंटीच्या नोंदणी कार्यालयात निर्बंधांचे एक घोषणापत्र दाखल करतो. त्यानंतर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक भूखंडाच्या खरेदीखतात या घोषणापत्राचा उल्लेख असतो. खरेदीदाराने ते प्रत्यक्ष वाचले आहे की नाही याला महत्त्व नसते; नोंदणी झालेली असल्याने त्याला त्याची जाणीव होती असेच कायदा मानतो. वाद झाल्यावर ‘हे आम्हांला कोणी सांगितलेच नाही’ ही सबब वारंवार पुढे येते व जवळजवळ कधीच टिकत नाही.

घराच्या बाह्य स्वरूपाविषयीचे निर्बंध संख्येने अधिक असतात. रंग बदलणे, छपराची कौले बदलणे, झाड तोडणे किंवा लावणे, व्हरांडा बंदिस्त करणे यांसाठी वास्तुरचना समितीची पूर्वपरवानगी लागते. अंगणात शोभेच्या मूर्ती, फलक वा कारंजी ठेवण्यास अनेक ठिकाणी मनाई असते. मोटारघर, होडी किंवा मालवाहू गाडी घरासमोर किती तास उभी करावी हेही लिहिलेले असते. वापराविषयीच्या निर्बंधांत घरातून व्यवसाय न करणे, पाळीव प्राण्यांची संख्या, घर भाड्याने देण्याच्या अटी आणि वयोमर्यादा येतात.

दोन प्रकारांत व्यवहारतः मोठा फरक आहे. रंगाचा किंवा कुंपणाचा भंग रस्त्यावरून दिसतो. घरात एकोणीस वर्षांखालील कोणी मुक्कामाला आहे का, हे कळण्यासाठी शेजाऱ्याला लक्ष ठेवावे लागते.

कायदेशीर पूर्वपीठिका

करार हा करणाऱ्या दोघांनाच बांधतो, हा सर्वसाधारण नियम. जमिनीवरील बंधन पुढच्या अनोळखी खरेदीदारालाही लागू व्हावे याला आधार मिळाला तो इंग्लंडमधील टल्क विरुद्ध मॉक्से या १८४८च्या निकालाने. टल्क याने १८०८मध्ये लंडनच्या लेस्टर चौकातील बाग विकताना ती मोकळी बाग म्हणूनच राखावी, तीवर बांधकाम करू नये अशी अट घातली होती. बाग हस्ते-परहस्ते मॉक्सेकडे आली. त्याच्या खरेदीखतात ती अट नव्हती, परंतु अट ठाऊक असूनच त्याने खरेदी केली होती. लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी त्याला बांधकाम करण्यास मनाई केली. ज्याला अटीची जाणीव आहे त्याने ती मोडून फायदा उपटणे न्याय्य नव्हे, हे त्यामागचे सूत्र होते.

अमेरिकेत हेच सूत्र विसाव्या शतकात उपनगरांच्या बांधणीत वापरले गेले, आणि त्याचा एक काळा अध्यायही आहे. कृष्णवर्णीय, ज्यू किंवा आशियाई व्यक्तींना घर न विकण्याच्या अटी हजारो खरेदीखतांत घातल्या गेल्या. सेंट लुईस शहरातील एका घरावरून उद्भवलेल्या शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अशा वांशिक अटी न्यायालयांनी राबवणे हे राज्यघटनेने दिलेल्या समान संरक्षणाच्या विरुद्ध आहे. वयाच्या अटींची तुलना विरोधक याच अटींशी करतात. न्यायालयांनी मात्र ती सहसा मान्य केलेली नाही. अ‍ॅरिझोनाच्या अपील न्यायालयाने रायली विरुद्ध स्टोव्ह्ज (१९७४) या खटल्यात प्रौढांपुरतीच वस्ती राखण्याची खरेदीखतातील अट वैध ठरवली. कॅलिफोर्नियात चित्र उलट होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्ये ओकॉनर विरुद्ध व्हिलेज ग्रीन या खटल्यात मुलांना मज्जाव करणारी अट राज्याच्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध ठरवली. त्यानंतर खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या गृहप्रकल्पांना कायद्याने वेगळी सवलत देण्यात आली.

यंगटाउन आणि सन सिटी

निव्वळ वृद्धांसाठी स्वतंत्र गाव वसवण्याचा प्रयोग अ‍ॅरिझोनात फिनिक्स शहराच्या वायव्येस झाला. बेन श्लायफर या जमीन व्यावसायिकाने १९५४मध्ये यंगटाउन वसवले. तेथे गोल्फचे मैदान किंवा भव्य क्लब नव्हता. थोड्या पैशांत, समवयस्कांच्या सोबतीत राहता यावे एवढाच हेतू होता. त्याच्या शेजारीच डेल वेब यांच्या बांधकाम कंपनीने १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी लोकांसाठी खुली केली. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे ती पाहायला आली, असे सांगितले जाते. येथे घर घेणाऱ्याला गोल्फ, जलतरण तलाव आणि कारागिरीच्या कार्यशाळा तयार मिळत होत्या.

सन सिटी कधीच नगरपालिका झाली नाही. तिला महापौर नाही की नगर परिषद नाही; कायदा व सुव्यवस्था मॅरिकोपा काउंटीकडे आहे. २०२०च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास होती. एवढ्या वस्तीत गावपण टिकवण्याचे काम खरेदीखतातील निर्बंधांवर आले. करमणूक केंद्रे एक संस्था चालवते आणि तिचे सदस्यत्व घराबरोबर येते. निर्बंधांच्या तक्रारी पाहणारा घरमालक संघ मात्र ऐच्छिक सदस्यत्वाचा आहे. वर्गणी न भरणाऱ्या शेजाऱ्यालाही निर्बंध लागू असतात आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारीचा खर्च वर्गणीदार उचलतात, ही विसंगती जुनी आहे.

लेखिका फ्रान्सिस फिट्झजेराल्ड यांनी ‘सिटीज ऑन अ हिल’ (१९८६) या पुस्तकात फ्लोरिडातील सन सिटी सेंटर या अशाच वसाहतीचे चित्रण केले आहे. फ्लोरिडातीलच ‘द व्हिलेजेस’विषयी अँड्र्यू ब्लेकमन यांचे ‘लेझरव्हिल’ (२००८) हे टीकात्मक पुस्तक प्रसिद्ध आहे.

वयाची अट आणि ऐंशी टक्क्यांचा हिशेब

१९६८च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्यात १९८८मध्ये दुरुस्ती होऊन लहान मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारणे बेकायदा ठरले. निवृत्तांच्या वसाहतींवर त्याच क्षणी कुऱ्हाड कोसळली असती. म्हणून कायद्यात त्यांच्यासाठी सूट ठेवण्यात आली. सर्व रहिवासी ६२ वर्षांवरील असतील, किंवा वसाहत ५५ वर्षांवरील लोकांसाठी चालवली जात असेल, तर मुलांना नाकारता येते. दुसऱ्या प्रकारासाठी वृद्धांच्या उपयोगाच्या विशेष सोयी असणे आरंभी बंधनकारक होते. या सोयी नेमक्या कोणत्या यावर इतके वाद झाले, की १९९५च्या ज्येष्ठ नागरिक गृहनिर्माण कायद्याने ती अट काढून टाकली.

त्यानंतर उरल्या तीन अटी. वस्ती असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ किंवा अधिक वयाची निदान एक व्यक्ती राहत असली पाहिजे. वसाहतीने आपला हेतू नियमांतून व वागणुकीतून जाहीर केला पाहिजे आणि त्याप्रमाणे चालले पाहिजे. रहिवाशांच्या वयाची पडताळणी झाली पाहिजे. केंद्रीय नियमांनुसार ही माहिती दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. वाहनचालक परवाना, जन्मदाखला, पारपत्र किंवा प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून चालते.

उरलेल्या २० टक्क्यांचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. ही तरुणांसाठी राखीव ठेवलेली जागा नव्हे. पती वारल्यावर मागे राहिलेली पंचावन्न वर्षांखालील पत्नी, किंवा वारसाहक्काने घर मिळालेले मूल यांना एका रात्रीत घराबाहेर काढावे लागू नये म्हणून ती मोकळीक आहे. प्रत्येक संघ ती किती वापरू देईल हे त्याच्या घोषणापत्रावर अवलंबून असते. काही वसाहतींत शंभर टक्के घरांचा आग्रह धरला जातो, कारण ८०च्या जवळ गेलेला आकडा पुन्हा वर आणणे फार कठीण असते. अपंग रहिवाशाच्या शुश्रूषेसाठी आवश्यक असलेल्या तरुण व्यक्तीमुळे मात्र वसाहतीचा हिशेब बिघडत नाही. अशी घरे मोजणीतून वगळली जातात.

दर्जा गेला तर तो पुन्हा मिळवणे सोपे नसते. मुले असलेल्या कुटुंबांना वसाहतीने नाकारले आणि पडताळणीची कागदपत्रे नीट नसली, तर संघावरच भेदभावाचा दावा होऊ शकतो. म्हणून पडताळणीचा अर्ज भरून न देणाऱ्या ऐंशी वर्षांच्या सभासदामागेही कार्यालय तगादा लावते. त्याच्या वयाबद्दल कोणालाच शंका नसते, पण फायलीत कागद हवा असतो.

अंमलबजावणी कोणाकडे

बहुतेक वसाहतींत हे काम घरमालक संघाच्या निवडून आलेल्या संचालक मंडळाकडे असते. मंडळातील माणसे त्याच गल्लीत राहणारी, बहुधा सत्तरीतली, बिनपगारी. रोजचे काम व्यवस्थापन कंपनी करते, पण नोटिशीवरील निर्णय मंडळाचा असतो. कालपर्यंत ज्याच्यासोबत पत्ते खेळले त्याच्यावर आज दंडाची शिफारस करणे ही यातली नेहमीची अडचण. काही मंडळे त्यामुळे कठोर वागतात तर काही डोळेझाक करतात.

‘द व्हिलेजेस’ची व्यवस्था वेगळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. लेडी लेक येथील ऑरेंज ब्लॉसम गार्डन्स या फिरत्या घरांच्या वस्तीतून वाढलेली ही वसाहत आता तीन काउंट्यांत पसरली आहे. जनगणनेसाठी आखलेल्या तिच्या मुख्य क्षेत्रात २०२० साली ७९ हजारांहून अधिक लोक होते. येथे निर्बंध राबवण्याचे मुख्य काम घरमालक संघाऐवजी ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट’ या मर्यादित अधिकारांच्या शासकीय संस्था करतात. फ्लोरिडाच्या १९८०च्या कायद्याने अशा जिल्हासंस्था स्थापन करता येतात. रस्ते, पाणी व सांडपाणी यांसाठी कर्जरोखे काढून त्यांची फेड रहिवाशांकडून करून घेणे हे त्यांचे मूळ काम. आरंभी त्यांच्या मंडळावर जमीनमालकांची, म्हणजे मुख्यतः विकसकाची, एकरागणिक मते चालतात. सहा वर्षे उलटली आणि मतदार पुरेसे झाले की जागा टप्प्याटप्प्याने रहिवाशांच्या मतदानावर जातात.

या संस्थांना पुढे कायद्याने खरेदीखतातील काही निर्बंध नियमांच्या रूपात स्वीकारून राबवण्याची मुभा दिली. त्यासाठी जिल्ह्यात घरमालक संघ नसणे, मंडळाचे बहुमत रहिवाशांनी निवडलेले असणे आणि मूळ घोषणापत्र करणाऱ्याची लेखी संमती असणे अशा अटी आहेत. त्यामुळे एकच निर्बंधपत्र दोन हातांत वाटले गेले. हिरवळ, रंग, अंगणातील वस्तू असे बाहेरून दिसणारे निर्बंध जिल्हासंस्था पाहते. वय, घरातील व्यवसाय यांसारखे आतले निर्बंध विकसकाच्या अखत्यारीत राहतात. वयाच्या बाबतीत तेथील सर्वसाधारण अट अशी, की घरात निदान एक जण ५५ वर्षांवरील असावा, एकोणीस वर्षांखालील कोणी कायम राहू नये, आणि त्या वयाच्या पाहुण्यांचा मुक्काम वर्षभरात एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त होऊ नये. कुटुंबांसाठी राखलेले काही भाग याला अपवाद आहेत.

जिल्हासंस्था शासकीय असल्याने तिच्या सभा खुल्या असतात आणि कागदपत्रे नागरिकांना मागता येतात. खासगी संघाच्या तुलनेत हा रहिवाशाचा लाभ होय. दुसरी बाजू अशी, की शासकीय संस्थेने अंगणातल्या धार्मिक चिन्हावर आक्षेप घेतला तर प्रश्न लगेच घटनात्मक हक्कांचा होतो.

तक्रारीपासून न्यायालयापर्यंत

सामान्यतः क्रम असा असतो. तक्रार येते, कर्मचारी जाऊन पाहतो, छायाचित्र घेतो, आणि भंग खरा असल्यास मालकाला स्मरणपत्र जाते. बहुसंख्य प्रकरणे येथेच मिटतात. न मिटल्यास मुदतीची नोटीस, मग सुनावणी, मग दंड. फ्लोरिडातील घरमालक संघांना दंड आकारण्यापूर्वी किमान चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि किमान तीन सभासदांच्या स्वतंत्र समितीपुढे सुनावणी ठेवावी लागते. समितीत संघाचे संचालक, पदाधिकारी, कर्मचारी किंवा त्यांचे पती-पत्नी, आईवडील, मुले व भावंडे असू शकत नाहीत. समितीने बहुमताने मान्यता दिली नाही तर दंड लागू होत नाही. एका भंगासाठी दंड १०० डॉलरपर्यंत असू शकतो, चालू राहिलेल्या भंगासाठी तो दररोज आकारता येतो, आणि घोषणापत्रात वेगळी तरतूद नसेल तर एकूण १,००० डॉलरवर जात नाही. हजार डॉलरपेक्षा कमी दंडाचा घरावर बोजा चढवता येत नाही. निर्बंधविषयक वाद न्यायालयात नेण्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्नही सहसा बंधनकारक असतो.

दंडाने काम भागले नाही तर संघ किंवा जिल्हासंस्था न्यायालयाकडे मनाई हुकूम मागते. हुकूम मोडला तर तो न्यायालयाचा अवमान ठरतो. खर्च मोठा असतो. हरणाऱ्या पक्षाने जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी द्यावी अशी तरतूद अनेक राज्यांच्या कायद्यांत व घोषणापत्रांत असते. मूळ भंग शंभर-दोनशे डॉलरचा असला तरी वकिलांची बिले कितीतरी पटींनी वाढतात, हे या वादांचे जुने दुखणे आहे.

सुनावणीसाठी येणाऱ्या प्रकरणांत हट्टी मालक वाटतो तितके नसतात. गुडघाभर गवत वाढलेले घर बहुधा वारलेल्या माणसाचे असते. वारस दूरच्या राज्यात असतात किंवा बँकेची जप्ती रेंगाळलेली असते. कधी मालक रुग्णालयात असतो, कधी विस्मरणाच्या आजारामुळे आलेली पत्रे उघडलीच गेलेली नसतात. नोटीस कायद्याने योग्य पत्त्यावर पोहोचलेली असते, पण घरात ती समजून घेणारे कोणी नसते. जाणती मंडळे अशा वेळी मुदत वाढवून नातेवाइकांचा शोध घेतात, गवत स्वतः कापून घेऊन खर्च मालमत्तेवर टाकतात. नियमावलीत या गोष्टींना सहसा स्थान नसते. ते कार्यालयातील माणसांच्या तारतम्यावर चालते.

तक्रारींवर चालणारी पद्धत

‘द व्हिलेजेस’च्या जिल्हासंस्था आपणहून गल्ल्या तपासत नाहीत, तक्रार आली तरच चौकशी होते. खर्च वाचतो आणि रहिवाशांना पाळत ठेवल्यासारखे वाटत नाही, हे या पद्धतीच्या बाजूचे म्हणणे. प्रत्यक्षात पाळत शेजाऱ्याकडे जाते. निनावी तक्रारी घ्याव्यात की नाहीत यावर तेथील मंडळांत वारंवार वाद झाला आहे. नाव उघड झाले तर वृद्ध एकट्या व्यक्तीला शेजाऱ्याचा राग सोसावा लागेल, असे एक मत. नाव नसेल तर जुने भांडण काढण्यासाठी नियमांचा वापर होतो, असे दुसरे. दोन्ही खरी आहेत.

याच वसाहतीतील एका दांपत्याने अंगणात लहानसा पांढरा क्रूस लावला होता. निनावी तक्रारीनंतर शोभेच्या वस्तूंविषयीच्या निर्बंधाखाली नोटीस आली, दंड चढत गेला आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले. आसपास कित्येक अंगणांत शोभेच्या वस्तू असताना आपल्यालाच का निवडले, हा दांपत्याचा प्रश्न होता. तक्रारच नसेल तर कारवाई नाही, हे जिल्हासंस्थेचे धोरण त्या प्रश्नाचे उत्तरही होते आणि त्याचे कारणही.

निवडक अंमलबजावणी

या प्रश्नाला कायद्यात मान्यता आहे. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा व्हाइट इग्रेट कॉन्डोमिनियम विरुद्ध फ्रँकलिन (१९७९) हा निकाल येथे महत्त्वाचा ठरतो. सदनिकांच्या एका संकुलात बारा वर्षांखालील मुलांना राहण्यास मनाई होती. न्यायालयाने म्हटले की अशी वयाची अट मुळात वैध आहे. परंतु त्याच संकुलात इतर मुले राहत असताना संघाने एकाच मालकावर कारवाई केल्याने त्याला ती लागू करण्यास विबंध येतो. म्हणजे संघ तत्त्वावर जिंकला आणि खटला हरला.

या निकालाचा वसाहतींवर झालेला परिणाम दुहेरी आहे. मनमानीला आळा बसला, हे खरे. त्याच वेळी वकील मंडळांना सल्ला देऊ लागले की एकाही भंगाकडे दुर्लक्ष करू नका, नाहीतर पुढच्याला बोट दाखवता येईल. आजारी नातीला दोन महिने ठेवून घेणाऱ्या आजीला सवलत द्यावी असे मंडळातील प्रत्येकाला वाटत असले, तरी उद्या दुसरा कोणी त्याच सवलतीचा आधार घेईल ही भीती असते. काही संघ यातून मार्ग काढतात: सवलत लेखी, मुदतबंद व कारणासह देतात आणि ती निर्बंधाचा त्याग समजू नये असे नोंदवतात.

निर्बंध वाजवी असावा का, यावर राज्याराज्यांत मतभेद आहेत. फ्लोरिडातील हिडन हार्बर इस्टेट्स विरुद्ध नॉर्मन (१९७५) या निकालात क्लबघरात मद्यपानास केलेली मनाई वाजवी म्हणून मान्य झाली. समूहात राहणाऱ्याला आपल्या स्वातंत्र्याचा काही भाग सोडावा लागतो, असा विचार त्यामागे होता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये नार्स्टेट खटल्यात तीन मांजरे पाळणाऱ्या महिलेविरुद्ध संघाची बाजू उचलून धरली. नोंदणीकृत निर्बंध वैध समजावा आणि तो सबंध वसाहतीच्या दृष्टीने अवाजवी आहे हे मालकाने सिद्ध करावे, असे त्यात ठरले. हे संकुल निवृत्तांचे नव्हते, तरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांना त्या निकालाची झळ अधिक जाणवली. काही वर्षांनी विधिमंडळानेच अशा वसाहतींत निदान एक पाळीव प्राणी ठेवू देण्याचा कायदा केला.

यंगटाउनचा प्रसंग

नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात यंगटाउनमधील एका आजी-आजोबांकडे त्यांचा किशोरवयीन नातू राहायला आला. घरी सावत्र वडिलांकडून होणाऱ्या छळामुळे त्याने ते घर सोडले होते. शहराच्या नियमाने अल्पवयीनाला कायम राहता येत नव्हते. आजी-आजोबांनी अपवाद मागितला, शहराने तो नाकारला आणि प्रकरण वकिलांकडे गेले. तपासात असे निघाले, की तेथील वयोनिर्बंध शहराच्या विभागरचनेच्या नियमांवर टेकलेला होता आणि तो कायद्याने घालून दिलेल्या प्रक्रियेत बसत नव्हता. राज्याच्या महान्यायवाद्यांच्या कार्यालयाने लक्ष घातल्यावर १९९८मध्ये तो निर्बंध गेला.

ज्या गावातून वृद्धांच्या वसाहतींची कल्पना निघाली, ते गाव अशा रीतीने सर्वांना खुले झाले. लहान मुलांची कुटुंबे तेथे राहायला आली आणि पुढील दोन दशकांत लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली. रस्त्यापलीकडच्या सन सिटीत वयाची अट आजही आहे. अपवाद नाकारण्यातून निर्बंध गेला, की कागदपत्रे कच्ची असल्यामुळे तो गेला, यावर निवृत्तांच्या वसाहतींत दोन्ही बाजूंनी बोलले जाते. वकील दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवतात.

कायद्याने घातलेल्या मर्यादा

खरेदीखतात लिहिले म्हणून सर्व काही चालत नाही. राष्ट्रध्वज लावण्यास संघांना बंदी करता येऊ नये यासाठी २००६मध्ये केंद्रीय कायदा झाला. एक मीटरपर्यंतच्या डिश अँटेनाला मनाई करणारे निर्बंध केंद्रीय दूरसंचार आयोगाच्या १९९६च्या नियमामुळे निष्प्रभ झाले. अपंगत्वामुळे लागणारा उतरता मार्ग, कठडा किंवा सोबतीचे प्राणी यांना वाजवी सवलत म्हणून परवानगी द्यावी लागते, आणि सरासरी वय सत्तरीपुढे असलेल्या वसाहतींत हा प्रश्न रोजचाच आहे. फ्लोरिडात तर कपडे वाळत घालण्याच्या दोरीलाही कायद्याचे संरक्षण आहे: सौरऊर्जा साधनांना मनाई करू नये या तरतुदीत दोरीचा उल्लेख नावानिशी केलेला आहे. तरीही उन्हात वाळणारे कपडे पाहून तक्रार करणारे निघतातच.

बदल आणि समाप्ती

घोषणापत्रात बदल करण्यासाठी बहुधा मालकांचे मोठे बहुमत लागते. बहुमत असले तरी वाटेल तो बदल करता येत नाही. अ‍ॅरिझोनाच्या अपील न्यायालयाने २००५मध्ये प्लाया दे सेरानो या संकुलाच्या खटल्यात ५५ वर्षांची अट केवळ संघाच्या उपविधींतून लादता येणार नाही असे ठरवले. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये कॅलॅब्रिया रँच प्रकरणात, मूळ घोषणापत्र वाचून खरेदीदाराला ज्याची कल्पना येऊ शकली नसती असा बदल बहुमतानेही त्याच्यावर लादता येणार नाही, असे म्हटले.

निर्बंध जुने होऊन मरतातही. फ्लोरिडात १९६३च्या कायद्यानुसार तीस वर्षांपूर्वीच्या मूळ दस्तऐवजावर आधारलेले निर्बंध वेळीच पुन्हा नोंदवले नाहीत, तर ते संपुष्टात येऊ शकतात. साठ-सत्तरच्या दशकांत वसलेल्या वसाहतींच्या मंडळांना याचा विसर पडला तर एखादा हुशार वकील भर सुनावणीत ती तारीख काढून दाखवतो.

भारतातील स्थिती

टल्क खटल्यातील सूत्र भारतातही आले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या ४०व्या कलमानुसार शेजारच्या जमिनीच्या हितासाठी घातलेले, वापराला मर्यादा घालणारे बंधन जाणीव असलेल्या खरेदीदाराविरुद्ध राबवता येते. मात्र भारतात गृहसंकुलांचे नियम बहुधा या मार्गाने येत नाहीत. महाराष्ट्रात ते सहकारी संस्थेच्या उपविधींतून येतात आणि त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०चा आधार असतो. वाद उपनिबंधक किंवा सहकार न्यायालयाकडे जातो.

पुण्यात ‘अथश्री’सारखे ज्येष्ठांसाठीचे प्रकल्प उभे राहिले आहेत. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने २०१९मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अमेरिकेसारखा ८० टक्क्यांचा हिशेब येथे ठेवावा लागत नाही, कारण मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास मनाई करणारा तसा केंद्रीय कायदा भारतात नाही. मालक वारल्यावर सदनिका पंचावन्न वर्षांखालील वारसाकडे गेली तर त्याने तेथे राहावे, ती भाड्याने द्यावी की विकावी, हा प्रश्न मात्र दोन्ही देशांत सारखाच उभा राहतो आणि त्याचे उत्तर खरेदीच्या वेळी सही केलेल्या करारात शोधावे लागते.